‘ॲसिडिटी’ की ‘घशाशी येणे’?

आम्ल आणि आम्लारी हा धडा शिकवताना उदासिनीकरणाचे उदाहरण म्हणून आपण हमखास छातीतील जळजळीवरची गोळी घेतो. पोटात आम्ल वाढले, गोळीतील मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने ते उदासीन केले. समीकरण फळ्यावर लिहिले की विषय संपला. रसायनशास्त्र म्हणून हे बरोबर आहे. शरीरशास्त्र म्हणून मात्र ही गोष्ट अर्धीच आहे आणि जाहिराती याच अर्ध्या गोष्टीवर चालतात.

छातीत जळजळणाऱ्या बहुतेकांच्या जठरात आम्ल प्रमाणाबाहेर तयार होत नसते. जठररसाचा सामू १ ते २ असतोच आणि जठराचे अस्तर तो सहन करते. अन्ननलिकेच्या अस्तराला तसे संरक्षण नाही. मग खरा प्रश्न असा की जठरातले आम्ल वर आलेच कसे?

बैल मान खाली घालून पाणी पितो, तरी पाणी चढत पोटाकडे जाते. हे अन्ननलिकेच्या स्नायूंचे काम. तिच्या खालच्या टोकाला तीन-चार सेंटीमीटर लांबीचा स्नायूंचा पट्टा असतो. एरवी तो आवळलेला असतो आणि घास येताच सैल होतो. पण काही वेळा गिळणे नसतानाही तो दहा सेकंदांहून अधिक काळ सैल पडतो. पोट फुगल्यावर ढेकर बाहेर पडतो तो याचमुळे. जॉन डेंट व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये निरोगी माणसांवर मोजमापे करून दाखवले की आम्ल वर येते तेही मुख्यतः याच वेळी.

औषधांनी कोणता प्रश्न सोडवला? १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आलेले सिमेटिडीन आणि त्या पुढच्या दशकाअखेरचे ओमेप्राझोल यांनी आम्लनिर्मिती कमी केली. अन्ननलिकेतील जखमा त्यामुळे भरतात. हे यश लहान नाही. पण जठरातील द्रव वर येणे त्यांनी फारसे थांबत नाही, त्याची आम्लता तेवढी घटते. म्हणूनच काहींची तक्रार असते, “जळजळ गेली, पण घशाशी येतेच.”

स्नायूंवरच्या औषधांची कथा अधिक सावध करणारी आहे. सिसाप्राइडमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते असे आढळले. अमेरिकेत २००० मध्ये त्याची सर्वसाधारण विक्री थांबली, भारतात २०११ मध्ये बंदी आली. बॅक्लोफेनने पट्ट्याचे अवेळी सैल पडणे कमी होते, पण गुंगी व चक्कर येते. डॉमपेरिडोन जळजळीसाठी वापरू नये, अशी शिफारस युरोपीय औषध संस्थेने हृदयावरील धोक्यामुळे २०१४ मध्ये केली. तरीही आम्लरोधक औषध आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास खपतात. दोन औषधे एका कॅप्सूलमध्ये भरली म्हणजे दोन्ही दोष दूर झाले, असे मानायला आधार नाही.

तेव्हा समीकरण जरूर लिहावे, पण त्यानंतर “आम्ल वर का आले?” हे विद्यार्थ्यांना विचारावे. पोट तुडुंब भरू नये, जेवून लगेच आडवे होऊ नये, झोपताना पलंगाची उशाकडची बाजू उंच ठेवावी, या सल्ल्यांचा अर्थ त्या प्रश्नातूनच कळतो. नुसत्या समीकरणातून तो कळत नाही. ‘ॲसिडिटी’ हा शब्द फक्त पदार्थाचे नाव सांगतो. आपला जुना ‘घशाशी येणे’ हा शब्दप्रयोग नेमकी क्रिया सांगतो. वर्गात तोच आधी वापरावा.