मधुमेहाचे कारण आणि उपद्रव : पुण्याच्या मातृपोषण-संशोधनाचे परीक्षण

मधुमेह हा सुखवस्तू माणसाचा रोग होय, ही समजूत आपल्याकडे पुष्कळ काळ रूढ होती. बोदवडसारख्या कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखात तर हा रोग शहरातल्या पेढीवाल्यांचा म्हणून सोडून दिला जाई. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्राच्या नागरी भागातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा १०.९, तर ग्रामीण भागात ६.५ आढळले. ज्या समाजात पोटभर अन्नाची चिंता कालपरवापर्यंत होती, त्या समाजात हा रोग आला कोठून, या प्रश्नाला अतिभोजन आणि आळस हे उत्तर पुरत नाही. निराळे उत्तर शोधण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणजे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली चाललेले संशोधन. त्याचे मोल मोठे आहे. परंतु त्याच्या निष्कर्षांचा उल्लेख जितक्या सहजतेने केला जातो, तितक्या बारकाईने त्याचे वाचन होत नाही.

या संशोधनाला पूर्वपरंपरा आहे. १९६२ साली जेम्स नील यांनी अशी उपपत्ती मांडली की, दुष्काळात तगून राहण्यास उपयोगी पडणारे काटकसरी आनुवंशिक गुणच सुबत्तेत मधुमेहाला कारण होतात. १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी ही काटकसर अनुवंशातून काढून गर्भाशयात नेली. गर्भावस्थेत उपासमार सोसलेले मूल पुढे मधुमेही होण्याचा संभव अधिक, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही उपपत्तींत दुष्काळाची छाया आहे, आणि खानदेशच्या वाचकाला ती कळावयास फारसे सायास पडू नयेत.

१९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू झाला. गर्भधारणेपूर्वीचे वजन सरासरी ४२ किलोंच्या आसपास असलेल्या स्त्रियांची बालके जन्मतः सुमारे २.७ किलो भरली. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांची सरासरी ३.५ किलो होती. पुण्याची बालके सर्वच मापांत लहान होती. पण स्नायू व उदरस्थ इंद्रिये यांच्या मानाने त्यांच्या पाठीवरील त्वचेखालची चरबी फारच कमी घटलेली होती. २००३ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाल्यावर ‘कृश तरी मेदयुक्त’ भारतीय बालक ही संज्ञा जगभर गेली.

येथेच पहिली सावधगिरी हवी. पुण्याच्या बालकाच्या अंगावर इंग्रज बालकापेक्षा जास्त चरबी होती, असा अर्थ पुष्कळ जण काढतात. तो चुकीचा आहे. प्रत्यक्ष मापाने ती कमीच होती. जास्त होते ते तिचे सापेक्ष प्रमाण. आकर्षक संज्ञेने मूळ कोष्टकातला हा भेद झाकून टाकला आहे. २००२ साली नाळेतील रक्ताच्या तपासणीत लहान आकाराच्या या बालकांत इन्शुलिनचे प्रमाण जास्त आढळले, हा पुरावा त्या संज्ञेपेक्षा अधिक भक्कम आहे. तो मात्र तितका उद्धृत होत नाही.

दुसरा निष्कर्ष आहाराचा. मातेच्या आहारातील एकूण उष्मांक किंवा प्रथिने यांच्याशी बालकाच्या आकाराचा संबंध आढळला नाही. तो आढळला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. पुढे २००८ मध्ये आणखी एक दुवा पुढे आला. साठ टक्क्यांहून अधिक मातांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती; आणि ज्यांच्यात ते कमी पण फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वाधिक दाद न देणारी ठरली. गरोदर स्त्रियांना फॉलिक आम्लाच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, हे लक्षात घेता निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. तरीही हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. त्यावरून गोळ्या थांबविण्याचा सल्ला कोणी दिल्यास रक्तक्षय आणि गर्भाच्या मज्जारज्जूतील दोष यांना दार उघडून दिल्यासारखे होईल.

प्रयोगाची कसोटी लागली ती मुंबईत. २००६ पासून तेथील झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाजी, फळे व दूध यांपासून केलेला रोजचा अल्पोपहार देण्यात आला. २०१४ सालच्या निष्कर्षांनुसार सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांना गर्भधारणेपूर्वी किमान ९० दिवस हा आहार मिळाला, त्यांच्या बालकांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमनी वाढले. परंतु ही वाढ सशक्त मातांच्या बालकांत दिसली, सर्वांत कृश मातांच्या बालकांत नाही. गरोदरपणीचा मधुमेह मात्र शेकडा १२.४ वरून ७.३ वर आला. ज्या वजनासाठी प्रयोग आखला ते साधले नाही, आणि दुय्यम म्हणून नोंदलेली गोष्ट महत्त्वाची ठरली. संशोधनात असे वारंवार घडते. मूळ अपेक्षा विसरून यशाचा डंका पिटणे एवढेच टाळावयाचे.

या शेवटच्या आकड्यात या परंपरेचा खरा गाभा आहे. वैद्यकात कारण आणि उपद्रव ही दोन प्रकरणे निराळी मांडली जातात : रोग कशाने होतो ते एका बाजूस, नेत्रपटल, मूत्रपिंड, पाय यांची हानी दुसऱ्या बाजूस. ब्रिटनमधील दीर्घ चाचणीने १९९८ मध्ये रक्तशर्करेच्या कडक नियंत्रणामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव शेकडा २५ ने कमी होतात हे दाखविले, ते याच विभागणीत बसते. परंतु गरोदर मातेची वाढलेली शर्करा ही तिच्यापुरती व्याधी असली, तरी तिच्या मुलाच्या पुढील मधुमेहाचे ती कारण ठरते. एका पिढीचा उपद्रव दुसऱ्या पिढीचे मूळ होतो, आणि त्याची नोंद मातेच्या रुग्णपत्रिकेत कोठेच होत नाही. नेत्र आणि मूत्रपिंड मोजणाऱ्या चाचण्यांना हा उपद्रव दिसणेच शक्य नव्हते. पुण्याच्या संशोधनाने ही दृष्टी दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

उरतो तो व्याप्तीचा प्रश्न. सहा खेड्यांतील आहार हा सर्व महाराष्ट्राचा आहार नव्हे. तापीकाठच्या केळीच्या बागायतीपासून दूर, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर राबणाऱ्या बोदवडच्या मजूर स्त्रीला दूध किती मिळते, अंबाडी-तांदुळज्याची भाजी वर्षातून किती महिने मिळते, आणि तिच्या रक्तातील ब-१२ ची पातळी काय आहे, हे पुण्याच्या कोष्टकांवरून काढता येणार नाही. खानदेशात असा अभ्यास करावयाचा तर पुण्याच्या पद्धतीतील सर्वांत कष्टाचा भाग उचलावा लागेल : तेथे गर्भधारणेपूर्वीच दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद झाली, आणि त्यांतल्या गरोदर राहिलेल्या सुमारे आठशे स्त्रियांवर पुढचे काम झाले. कापूस वेचणीच्या महिन्यांत पहाटेच शेतावर जाणाऱ्या स्त्रीचे वजन कोणी, कोठे आणि कोणत्या वेळी घ्यावयाचे, येथूनच त्या आराखड्याची सुरुवात होईल.