मृत्यूच्या उंबरठ्यावरील साक्षी

रेमंड मूडी यांचें ‘लाइफ आफ्टर लाइफ’ हें पुस्तक 1975 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. मृतप्राय होऊन शुद्धीवर आलेल्या सुमारें 150 माणसांच्या हकीकतींचा त्यांत विचार आहे. देहाबाहेर पडल्याची जाणीव, अंधारा बोगदा, मग प्रेमळ प्रकाश, हा सांचा आतां सर्वपरिचित झाला आहे. पुढें अनेक ख्रिस्ती लेखकांनीं अशा हकीकतींस स्वर्गाचा पुरावा ठरविलें. तें आम्हांस मान्य होत नाहीं.

वस्तुतः मूडी स्वतः सावध आहेत. मरणोत्तर जीवन सिद्ध केल्याचा दावा ते करीत नाहींत; त्या प्रकाशास ज्यानें त्यानें आपल्या संस्काराप्रमाणें ओळखलें, हेंही ते नमूद करतात. 1986 सालीं सतवंत पसरिचा व इयान स्टीव्हन्सन यांनीं भारतांतील 16 प्रसंग प्रसिद्ध केले. तेथें यमदूत आहेत, वही पाहणारा अधिकारी आहे, आणि ‘भलताच माणूस आणला’ म्हणून परत पाठवणीही आहे. धामणगाव बढ्याच्या पारावर ही कथा कोणी सांगितली, तर वऱ्हाडी श्रोत्यास तींत परकें असें कांहींच वाटणार नाहीं. मग एकाची साक्ष खरी आणि दुसऱ्याचा भ्रम, हा निवाडा कोणत्या न्यायानें करावयाचा? अनुभव खोटा नसेलही. परंतु त्यास नांव देणारी भाषा माणूस घरूनच घेऊन गेलेला असतो.

ख्रिस्ती शास्त्राचें मौन येथें बोलकें आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत लाजर चार दिवसांनीं कबरेंतून उठतो. पण पलीकडे काय पाहिलें, याविषयीं त्याच्या तोंडीं एक अक्षर नाहीं. लूकच्या शुभवर्तमानांतील दृष्टांतांत तर अब्राहाम बजावतो कीं, शास्त्र न ऐकणारे मेलेला उठून आला तरी ऐकणार नाहींत.

मराठी वाचकास याची प्रचीति लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’त येईल. नारायण वामन टिळकांनीं 1895 सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तो 1900 सालीं घेतला. मधलीं वर्षें ताटातुटीचीं व मनस्तापाचीं होतीं. तींत जातिभेदाची अढी आधीं सुटली, श्रद्धा मागाहून आली. 1919 सालीं टिळक गेल्यावर या बाईंनीं परलोकाचे नकाशे काढले नाहींत. पतीचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ पुरें केलें.

शोकाकुल घरास अशा पुस्तकांनीं धीर मिळत असेल, तर तो हिरावून घेण्याची आमची इच्छा नाहीं. मात्र 2010 सालच्या एका गाजलेल्या स्वर्गवृत्तांताचें काय झालें, हें विसरूं नये. ज्या मुलाच्या नांवानें तो लिहिला होता, त्यानेंच तो खोटा असल्याचें सांगितलें, आणि 2015 सालीं प्रकाशकांनीं पुस्तक मागें घेतलें. ज्यांनीं आपली श्रद्धा त्या पानांवर टेकविली होती, त्यांनीं मग कशाचा आधार घ्यावा? जी श्रद्धा जगण्यांतून येते, तिला मरणाकडून प्रशस्तिपत्र आणावें लागत नाहीं.