वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांतील मानवाकृती आणि अमूर्तता

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे नाव अमूर्त चित्रकलेशी इतके एकरूप झाले आहे की, प्रारंभी त्यांनी मानवाकृती रंगविल्या होत्या याचा समीक्षेला विसर पडतो. आणि आठवण झालीच, तर ‘त्यांनी आकृतीचा त्याग केला’ या एका वाक्यात विषय संपविला जातो. प्रस्तुत लेखकाला हे विधान अपुरे वाटते.

सर ज. जी. कलाशाळेतून १९४८ मध्ये पदविका घेतल्यानंतरच्या त्यांच्या चित्रांवर भारतीय लघुचित्रांचा व पुढे पॉल क्ली यांचा प्रभाव दिसतो. सपाट रंगक्षेत्रे आणि त्यांना बांधणारी रेषा हे त्या आकृतींचे वैशिष्ट्य होय. आकृती वगळून केवळ रंगांची प्रमाणे न्याहाळण्याचा अभ्यास आपण केला, असे गायतोंडे यांनीच सांगितले आहे. म्हणजे येथे त्यागापेक्षा अभ्यास अधिक आहे. ‘अमूर्त’ ही संज्ञाही त्यांना मान्य नव्हती. आपली चित्रे ‘अवस्तुनिष्ठ’ आहेत, असे ते म्हणत.

मग आकृती गेली कोठे? १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचे कॅनव्हास बहुतांशी उभे आहेत. रूढ निसर्गचित्राचा पट आडवा, तर व्यक्तिचित्राचा उभा असतो. रोलर व पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवून आणि खरवडून सिद्ध केलेल्या या उभ्या पटासमोर प्रेक्षकाचे शरीर उभे राहते. चित्रातून निघालेली मानवाकृती अशा रीतीने चित्रासमोर येते, असे मला वाटते.

हा मुद्दा मापाचा आहे, आणि नेमके मापच छापील प्रतिकृतीत हरवते. शिरड शहापूरसारख्या ठिकाणी अध्यापन करणाऱ्या आपणा सर्वांना हा अनुभव असेल. पुस्तकातील हातभर चित्र बोटभर होते. गायतोंडे यांच्यावरील मराठी लेखनात झेन, मौन, ध्यान हे शब्द वारंवार येतात. झेन विचाराचे त्यांना आकर्षण होते हे खरेच. परंतु प्रतिकृतीपुढे बसून लिहिणाऱ्याला हे शब्द फार सोयीचे पडतात, अशीही शंका येते. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे त्यांनी मोठ्या मापाची अमेरिकी चित्रे प्रत्यक्ष पाहिली, ही बाब मला अधिक महत्त्वाची वाटते.

१९८४ च्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास हाताळणे त्यांना दुष्कर झाले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटने केली. लिपीसारखी भासणारी ही चिन्हे वाचता येत नाहीत. पण रंगाचे थर बाजूला सारून तेथे पुन्हा रेषाच उरली आहे.