‘चांदनी चौक टू चायना’ : श्रम, शरीर आणि विनोद यांच्या फसलेल्या मेळाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

देमारपट आणि विनोदपट हे हिंदी चित्रपटाचे दोन जुने व लोकप्रिय प्रकार होत. तथापि त्यांची गंभीर समीक्षा क्वचितच होते. ‘डोके बाजूला ठेवून पाहावा’ असा शेरा मारला की अशा चित्रपटाविषयीचे आपले कर्तव्य संपले, असे मानले जाते. ‘प्रभात’ १९३३ मध्ये ज्या पुण्यात आली, तिच्याच आवारात १९६० मध्ये चित्रपटविषयक शिक्षणसंस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये जेथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, त्या पुण्यातही रसास्वादाची चर्चा प्रामुख्याने कलात्मक चित्रपटांभोवतीच फिरत राहिली. प्रस्तुत लेखात निखिल अडवाणी दिग्दर्शित ‘चांदनी चौक टू चायना’ (२००९) या मार्शल आर्टवर आधारित विनोदी चित्रपटाचा विचार करावयाचा आहे. हा चित्रपट का फसला, एवढाच येथे प्रश्न नाही. जो विचार तो स्वतः मांडतो, त्याच्याशीच तो कसा बेइमान होतो, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

चित्रपटाचे आशयसूत्र

१६ जानेवारी २००९ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटामागे रमेश सिप्पी यांच्यासारखे अनुभवी निर्माते आणि वॉर्नर ब्रदर्ससारखी बलाढ्य अमेरिकन कंपनी होती. शीर्षकातील चांदनी चौक दिल्लीचा. कोथरूडपलीकडचा आपला चांदणी चौक नव्हे, हे पुणेकर वाचकास सांगावयास हवे असे नाही. तेथील एका खानावळीत भाजी चिरणारा सिद्धू (अक्षय कुमार) हा कथेचा नायक. तो ज्योतिषी, ताईत आणि बटाट्यात दिसणारा गणपती यांवर विसंबून नशीब उघडण्याची वाट पाहत असतो. त्याला वाढविणारे दादा (मिथुन चक्रवर्ती) मात्र स्वतःच्या हातांवर भरवसा ठेव, असे सांगतात. चीनमधील एका खेड्यातील माणसे सिद्धूला आपल्या प्राचीन वीराचा पुनर्जन्म समजतात आणि होजो या गुंडापासून सुटका व्हावी म्हणून त्याला घेऊन जातात. मधला दुभाषा खरी गोष्ट त्याच्यापासून लपवितो. पुढे दादांचा वध होतो, स्मृती गमावलेला एक माजी पोलीस अधिकारी सिद्धूला कुंग फू शिकवितो आणि अखेरीस भाजी चिरण्याच्या कसबातूनच सिद्धू होजोला नमवितो.

कल्पना म्हणून हे बीज उत्तम आहे. सामान्य माणसाचा रोजचा व्यवसाय हेच त्याचे शस्त्र ठरावे, यात विनोद आहे, न्याय आहे आणि श्रमाची प्रतिष्ठाही आहे. शिवाय ही कल्पना अभिनेत्याच्या चरित्राशी जुळणारी आहे. अक्षय कुमार यांचे बालपण दिल्लीच्या याच भागात गेले. तरुणपणी बँकॉकमध्ये उपाहारगृहात काम करीत असताना त्यांनी मार्शल आर्टचे शिक्षण घेतले. त्यामुळे भाजी चिरणारा हात आणि ठोसा देणारा हात हे दोन्ही हात या नटाजवळ खरोखरीच होते.

प्रशिक्षणाचा प्रश्न

मार्शल आर्ट चित्रपटात प्रशिक्षण हा कथेचा गाभा असतो. लाउ कार-लिउंग यांच्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) या हाँगकाँगच्या चित्रपटाचा फार मोठा भाग केवळ शिकण्याने व्यापला आहे. नायक पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून तोल सावरत जेवणघर गाठू पाहतो, पडतो, उपाशी राहतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. हात खाली आल्यास टोचतील अशी पाती दंडांना बांधून तो पाण्याच्या बादल्या वाहतो. प्रत्येक कसब कोठून आले हे प्रेक्षकाने पाहिलेले असते, म्हणून अखेरचा विजय त्यालाही स्वतःचा वाटतो. चिंचेची तालीम, नगरकर तालीम ही नावे ज्या शहराच्या पेठांत रुजलेली आहेत, तेथील प्रेक्षकाला हे निराळे सांगावे लागत नाही. वस्ताद पठ्ठ्याला आधी माती उकरावयास लावतो. डाव नंतर येतो.

‘चांदनी चौक टू चायना’मध्ये हे शिकणे मध्यंतरानंतर येते आणि झपाट्याने उरकले जाते. भाजी चिरण्याचे कसब लढाईत कसे उतरते, या मधल्या पायऱ्या जवळजवळ गाळलेल्या आहेत. परिणामी शेवटची युक्ती उमलत नाही, ती केवळ जाहीर होते. याहून मोठा विरोधाभास असा की, उपरोक्त शाओलिनपटातील तो शिष्य साकारणारे गॉर्डन लिउ हेच येथे होजो झाले आहेत. ‘किल बिल’च्या दुसऱ्या भागात (२००४) त्यांनी कठोर गुरूही रंगविला होता. पडद्यावर शिकणे व शिकविणे ज्याने मूर्तिमंत केले, त्या नटाच्या हाती येथे एक धारदार टोपी देण्यात आली, आणि तीही बाँडपटातून उसनी आणलेली.

विनोदाचा प्रश्न

शारीरिक विनोदास अवकाश आणि अवधी लागतो. ‘ड्रंकन मास्टर’ (१९७८) मध्ये जॅकी चॅन यांचे संपूर्ण शरीर आपल्याला दिसते. पाय घसरणे, तोल जाणे आणि त्याच झोकात प्रतिस्पर्ध्यावर आघात होणे हे सलग घडते. लहानपणी चिनी संगीतनाट्याच्या शाळेत घेतलेल्या कठोर शिक्षणाचे ते फळ होय. आपल्याकडे वगातील सोंगाड्या याच नियमाने हशा मिळवितो. नेमक्या क्षणी थांबणे, ही त्याची खरी विद्या. प्रस्तुत चित्रपटात मात्र संकलनाचे तुकडे, मंदगती आणि तारांच्या साहाय्याने घेतलेल्या उड्या यांमुळे नटाचे शरीर विखुरले जाते. जे तो खरोखर करू शकतो, तेही बनावट वाटू लागते.

विद्यार्थिदशेत पुण्यातील एका चित्रपटगृहात हा चित्रपट पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. खानावळीतील साध्या प्रसंगांना प्रेक्षकांची मनापासून दाद मिळत होती. चीनच्या भिंतीवरील भव्य प्रसंगांत मात्र सभागृह हळूहळू अबोल झाले. ज्यांना ‘डोके बाजूला ठेवणारे’ म्हटले जाते, त्या प्रेक्षकांची ही नेमकी समीक्षाच होती.

परंपरेचे विस्मरण

देमारपणा आणि विनोद यांचा मेळ आपल्याला परका नाही. गिरणी कामगाराचा मुलगा असलेले भगवान पालव, म्हणजेच भगवानदादा, यांनी ‘अलबेला’ (१९५१) पूर्वी अनेक अल्पखर्ची स्टंटपट काढले. कुस्तीचा नाद, साधा देह आणि कष्टकरी प्रेक्षक हेच त्यांचे भांडवल होते. अलीकडच्या काळात वासन बाला यांच्या ‘मर्द को दर्द नहीं होता’ (२०१९) या चित्रपटाने हा मेळ पुन्हा साधून दाखविला. वेदनाच न जाणवणारा त्याचा नायक जुन्या व्हिडिओ कॅसेटी पाहून लढणे शिकतो आणि तहान कळत नसल्याने पाण्याची सोय पाठीवर घेऊन फिरतो. तेथे विनोद नायकाच्या देहस्थितीतूनच निर्माण होतो. तेव्हा हिंदी चित्रपटास हा प्रकार जमत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘चांदनी चौक टू चायना’चा उपदेश श्रमाचा आहे, परंतु त्याची रचना नशिबावर विसंबलेली आहे. नृत्य करावयास लावणारे यंत्र, छत्रीचे पॅराशूट, परदेशी स्थळे, नायिकेची दुहेरी भूमिका आणि ताऱ्यांची नावे हे सर्व त्या चित्रपटाचे ताईतच होत.

२. प्रशिक्षणाचा अवधी आणि संपूर्ण शरीराचे दर्शन यांवाचून मार्शल आर्ट चित्रपटातील विनोद व थरार दोन्ही उणे पडतात.

३. साधनांची विपुलता ही कल्पनेच्या मशागतीस पर्याय ठरू शकत नाही.

लोकप्रिय चित्रपटास समीक्षेतून सूट देणे म्हणजे त्याच्या प्रेक्षकास कमी लेखणे होय. तिकिटाचे पैसे मोजणारा कष्टकरी स्वतःच्या कामात कसूर करीत नाही. पडद्यावरील कामातही कसूर नसावी, एवढीच त्याची रास्त अपेक्षा असते. दादांनी सिद्धूला दिलेला सल्ला चित्रपटकर्त्यांनी स्वतः पाळला असता, तर ती अपेक्षा पूर्ण झाली असती.