एक मजकूर, दोन वेश

परीक्षण करितांना मजकूर तेवढा पाहावा, तो कोणीं व कशासाठीं लिहिला याची चौकशी करूं नये, असें पुष्कळ टीकाकारांचें मत आहे. आम्हींही अमरावतीस अनेक वर्षें विद्यार्थ्यांना हेंच शिकविलें. काव्याच्या बाबतींत तें बव्हंशीं खरें असेल. परंतु वृत्ताच्या बाबतींत तें किती घातक ठरतें, हें आमच्या वऱ्हाडाविषयींच्याच एका लेखानें दाखवून दिलें आहे. त्याचाच येथें विचार करावयाचा आहे.

ऑक्टोबर २००८ मध्यें 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तींत यवतमाळ जिल्ह्यांतील भांबराजा व अंतरगांव या दोन गांवांविषयीं पानभर मजकूर आला. बीटी कपाशीमुळें तेथें सुबत्ता आली आणि कोणीही आत्महत्या केली नाहीं, असा त्याचा आशय होता. वार्ताहरांचा प्रवास माहिको मोन्सॅन्टो बायोटेक या कंपनीनें घडविला होता, हें बारीक अक्षरांत नमूद होतें. ऑगस्ट २०११ मध्यें तोच मजकूर जसाच्या तसा त्याच पत्रांत पुनः छापला गेला. या खेपेस मात्र ती जाहिरात होती; आणि तो शब्द टाळून तिला 'ग्राहकसंपर्क उपक्रम' अशा अर्थाचें गोंडस इंग्रजी नांव दिलेलें होतें. ही हकीकत पी. साईनाथ यांनीं मे २०१२ मध्यें 'द हिंदू'त उघड केली.

पहिला लेख द्रव्य देऊन लिहविला होता, असें आम्ही म्हणत नाहीं. आपण केवळ ये-जा करण्याची सोय केली, मजकूर पत्रकारांच्या मर्जीचा होता, असें कंपनीनें सांगितलें. तें खोटें मानण्यास आमच्यापाशीं आधार नाहीं. परंतु टीकाकारास प्रश्न पडतो तो निराळाच. जें वृत्त एकही वाक्य न बदलतां जाहिरात होऊं शकतें, त्यांत वृत्ताचें असें काय होतें? बीटी कपाशी बोंडअळीस मारक द्रव्य रोपांतच तयार करते. पाऊस, भाव आणि कर्ज यांवर तिचा कांहीं इलाज नाहीं. कोरडवाहू कपाशीचा संसार या तिहींवरच चालतो, हें अकोल्याच्या कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक आहे. वृत्तांत 'परंतु' असावा लागतो. जाहिरातींत तो नसतो. मार्च २०१२ मध्यें संसदेची कृषिविषयक स्थायी समिति भांबराज्यास गेली, तेव्हां आमच्या गांवांत चौदा आत्महत्या झाल्या, असें गांवकऱ्यांनीं तिला सांगितल्याचें साईनाथ लिहितात. मजकुरांतून गळालेला 'परंतु' तो हा!

हें उदाहरण एकटें नव्हे. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत प्रतिस्पर्धी मराठी पत्रांनीं एकच स्तुतिलेख शब्दशः छापल्याचें साईनाथांनींच दाखविलें होतें. प्रेस कौन्सिलच्या दोघां सदस्यांच्या उपसमितीनें २०१० सालीं अशा विकत घेतलेल्या वृत्तांवर सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलनें त्याचा संक्षेप तेवढा प्रसिद्ध केला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ मध्यें, तो पुरता लोकांपुढें आला. लपवाछपवीवरील अहवालासही लपावें लागलें, याहून बोलकें भाष्य कोणतें?

आज बियाणें घ्यावयास निघालेला शेतकरी पुष्कळदां मोबाइलवरील चित्रफीत पाहून निघतो. 'मीं स्वतः लावलें, तुम्हीही लावा' असें सांगणाऱ्यास कंपनीकडून काय मिळालें, हें त्यास दिसत नाहीं. अशा शिफारशींतील देणेंघेणें सोप्या व स्पष्ट भाषेंत सांगितलें पाहिजे, असे निर्देश केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें जानेवारी २०२३ मध्यें दिले. निर्देश योग्यच आहेत. परंतु संवय निर्देशानें लागत नाहीं.

हें आम्ही अनुभवानें सांगतों. एका स्नेह्याच्या ग्रंथावर आम्हीं एकदां अनुकूल परीक्षण लिहिलें. त्या ग्रंथाचीं मुद्रितें आम्हींच तपासलीं होतीं, हें वाचकांस सांगितलें नाहीं. द्रव्य घेतलें नाहीं, तेव्हां दोषही नाहीं, अशी आम्हीं मनाची समजूत घातली. ती चूक होती. तें परीक्षण वाचून ज्यांनीं ग्रंथ विकत घेतला, त्यांना आमचें मत मिळालें, पण तें तोलण्याचें साधन मिळालें नाहीं. लेखकाचा हितसंबंध मजकुराबाहेरचा नव्हे. तो मजकुराच्या अर्थाचाच भाग आहे.

बाजारांत कापसाची गाडी आली म्हणजे व्यापारी कोपरापर्यंत हात खुपसून आंतला कापूस ओला कीं कोरडा, हें पाहतो. आणि शेतकरी त्याचा राग मानीत नाहीं. वाचकासही तेवढा हात घालूं द्यावा, इतकेंच आमचें लेखकांस, आणि प्रथम स्वतःस, सांगणें आहे.