बातमीच्या आधी आलेली कादंबरी

शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. नाव, गाव, कर्जाचा आकडा, मागे राहिलेली माणसे, एवढ्यात ती संपते. त्या दिवसामागची वर्षे कोणी लिहायची? बुलढाणा जिल्ह्याचे कादंबरीकार सदानंद देशमुख यांनी ती लिहिली आहेत, असे आम्हांस वाटते.

चिखली तालुक्यातील अमडापूर हे देशमुखांचे गाव. बुलढाण्याच्या महाविद्यालयात त्यांनी मराठीचे अध्यापन केले, पण त्यांचे लेखन शेताच्या बांधावरच राहिले. 'तहान' (१९९८) या कादंबरीत त्यांनी पाणीटंचाईने गांजलेले गाव उभे केले. २००२ साली 'बारोमास' आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने विशेष मदत जाहीर केली ती जुलै २००६ मध्ये. त्या सहांत बुलढाणाही होता. म्हणजे मदत पोहोचण्याच्या चार वर्षे आधी कादंबरी पोहोचली होती.

एकनाथ तनपुरे हा तिचा नायक. पदव्या आहेत, पण नोकरीसाठी मागितला जाणारा पैसा नाही, म्हणून तो शेतीकडे वळतो. शिकल्यामुळे शेतीतला तोटा त्याला नेमका दिसतो आणि शिकूनही तो टाळता येत नाही. वडील सुभानराव यांचा जीव जमिनीत गुंतलेला, धाकट्या मधूला त्याच जमिनीतून सुटायचे आहे, आणि पत्नी अलकाने लग्नाच्या वेळी वेगळ्याच संसाराचे चित्र पाहिलेले. खलनायक असा कोणीच नाही. प्रत्येकाचे म्हणणे रास्त आहे आणि तरीही घर मोडत जाते. हेच या कादंबरीचे खरे दुःख होय.

वार्तेला घटना लागते. 'बारोमास' म्हणजे बारा महिने, वर्षभर. बियाणे, खत, पाऊस, भाव यांची रोजची झीज ही घटना नव्हे, म्हणून ती बातमी होत नाही. पी. साईनाथ यांच्यासारखे पत्रकार विदर्भात गावोगाव हिंडून ती झीज नोंदवीत राहिले, हे कृतज्ञतेने सांगावयास हवे. परंतु पत्रकार पाहुणा म्हणून येतो. देशमुख घरातून बोलतात. त्यांच्या पात्रांची वऱ्हाडी बोली सजावटीसाठी आलेली नाही. तिच्यावाचून ती माणसे विचारच करू शकली नसती.

दोष नाहीत असे नाही. तपशिलांचा भार काही ठिकाणी कथेला जड होतो. अलकाची घुसमट आपणांस बहुतांशी एकनाथच्या नजरेतूनच कळते. तिच्या तोंडून ती ऐकावयास मिळती, तर कादंबरी आणखी मोठी झाली असती.

तरीही आमचा आग्रह आहे की ही कादंबरी घरात वाचली जावी. आपल्यापैकी अनेकांच्या घरची शेती वा वाडी एका पिढीत सुटली. मुलांना शिकविले ते त्यांनी मातीत परतू नये म्हणूनच. मग पदवी घेऊन परतलेल्या मुलाला आपण नापास कां समजतो? वाचून झाल्यावर हा प्रश्न जेवणाच्या पाटावर निघाला, तर वाचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.