तराफ्यावरचे सहा सोबती

थॉर हायरडाल यांचे ‘कॉन-टिकी’ हे पुस्तक मी प्रथम वाचले ते साहसकथा म्हणून. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर मोकळ्या तासाला नववीच्या मुलांना ते गोष्टीरूपाने सांगत आलो. मूळ नॉर्वेजियन पुस्तक १९४८ सालचे. त्याच्या साहसाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. पण ते खरोखर कशाचे पुस्तक आहे, हे मला एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे उमगले.

हकीकत थोडक्यात अशी. पॉलिनेशियाच्या बेटांवर पहिली वस्ती दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांनी केली, असे हायरडाल यांचे मत. विद्वानांना ते पटेना. तराफ्यावरून एवढा प्रशांत महासागर ओलांडणे अशक्य, असा त्यांचा आक्षेप. तेव्हा या गृहस्थांनी बाल्सा लाकडाचे नऊ ओंडके, एकही खिळा न मारता, नुसत्या दोरांनी बांधले आणि पाच सोबत्यांसह २८ एप्रिल १९४७ रोजी पेरूमधील कायाओ बंदर सोडले. १०१ दिवसांनी तराफा रारोइआ बेटाच्या प्रवाळखडकावर आदळला. सहाही जण सुखरूप उतरले.

हे सहा जण मुळात जिवलग मित्र नव्हतेच. एरिक हेसेलबर्ग चित्रकार, आणि समुद्राची खरी माहिती असलेला तो एकटाच. क्नुट हाउग्लान आणि टॉर्स्टाइन रॉबी युद्धकाळात शत्रूच्या नजरेआड बिनतारी यंत्रे चालवणारे. हर्मन वॉट्झिंगर इंजिनिअर. बेंग्ट डॅनियलसन हा पाच नॉर्वेजियनांत एकटा स्वीडिश. सामानात त्र्याहत्तर पुस्तके घेऊन आलेला. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्याला हा बेंग्ट लगेच ओळखीचा वाटतो.

तराफ्याचे दोर लाकडावर घासून तुटतील, असे जाणत्यांचे भाकीत होते. झाले उलटेच. बाल्सा मऊ असल्याने दोर त्यात रुतले आणि लाकडानेच त्यांना झिजू दिले नाही. या माणसांचेही तसेच झाले असावे.

जुलै महिन्यातला प्रसंग या पुस्तकाचा प्राण आहे. वाऱ्याने उडालेली झोपण्याची पिशवी पकडायला गेलेला हर्मन समुद्रात पडतो. तराफा मागे वळू शकत नाही. दोर बांधलेले जीवरक्षक कडे फेकावे, तर वारा ते परत आणून टाकतो. हर्मन मागे मागे पडत जातो. एवढ्यात क्नुट ते कडे हातात घेऊन पाण्यात उडी टाकतो. दोघांची गाठ पडते, आणि उरलेले चौघे दोर ओढून त्यांना वर घेतात.

हे सांगत असताना एका मुलाने विचारले, “सर, उडी मारायच्या आधी क्नुटनं कुणाला विचारलं होतं का?” मी म्हणालो, “नाही.” वर्ग शांत झाला. हायरडाल यांनीही क्नुटच्या स्तुतीत पाने खर्च केलेली नाहीत. घडले ते सांगितले आणि ते पुढे गेले. लेखक म्हणून त्यांचा हा संयम मला सर्वांत मोलाचा वाटतो.

परंतु हाच संयम इतरत्र उणीव ठरतो. बांबूच्या एका खोपटात सहा माणसे शंभर दिवस राहिली, आणि खटके उडाल्याचे पुस्तकात जवळजवळ नाहीच! ‘आम्ही’ या शब्दाखाली सारे झाकले जाते. २०१२ साली निघालेल्या चित्रपटाने याच्या उलट टोक गाठले. त्याने हर्मनला भित्रा आणि दुबळा करून टाकले. त्याच्या कुटुंबीयांना ते रुचले नाही, आणि ते योग्यच होते. पुस्तकाने भांडणे गाळली, चित्रपटाने ती रचली. न भांडता टिकलेल्या मैत्रीपेक्षा भांडूनही टिकलेली मैत्री मोठी, हे दोघांनाही सुचू नये?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रवास यशस्वी झाला म्हणजे सिद्धांत सिद्ध झाला असे नव्हे. पॉलिनेशियनांचे पूर्वज पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने आले, हे भाषा आणि आनुवंशिकता या दोन्हींच्या अभ्यासाने दाखवले आहे. इसवी सन १२०० च्या सुमारास त्यांचा दक्षिण अमेरिकेतील लोकांशी संबंध आला, असे २०२० मधील जनुकीय संशोधन सांगते. तेवढा अंश हायरडाल यांच्या पदरी पडतो. पण १९७६ साली ‘होकुलेआ’ ही जोडनौका उपकरणांवाचून, तारे आणि लाटा पाहत, हवाईहून ताहितीला गेली. त्या बेटांवरच्या लोकांचे पूर्वज केवळ प्रवाहाबरोबर वाहत आलेले नव्हते, ते कसलेले दर्यावर्दी होते. सोबत्यांना इतक्या आपुलकीने न्याहाळणाऱ्या लेखकाने आपल्या यजमानांच्या पूर्वजांना मात्र हे श्रेय पुरते दिले नाही.

तरीही मी हे पुस्तक मुलांच्या हाती देतो. सिद्धांत खोडला गेला, हेही त्यांना सांगतो. तो खोडला गेल्यावरही क्नुटची उडी शिल्लक राहते. ती पाने घरात एकदा मोठ्याने वाचावीत, आणि मुलांनी मध्येच प्रश्न विचारला तर वाचन थांबवावे.